ब्रँच कुठून फुटली? सात महिने नोंदी ठेवल्यावर

आमचा कोड गिटमध्ये असतो, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत. एका जुन्या रिलीज ब्रँचवर (मुख्य कोडपासून फुटलेल्या शाखेवर) दुरुस्ती न्यायची होती. बग ब्रँच फुटण्याआधीचा की नंतरचा, एवढंच बघायचं होतं. ‘गिट मर्ज-बेस’ चालवलं, तर तीन आठवड्यांपूर्वीचा कमिट (इतिहासात नोंदवलेला बदल) समोर. ब्रँच वर्षभर जुनी! मधे कुणा शहाण्याने मेन, म्हणजे मुख्य ब्रँच, त्या ब्रँचमध्ये मर्ज केली (मिसळली) होती. मर्ज-बेस सगळ्यात अलीकडचा सामाईक पूर्वज सांगतो, जन्मस्थळ नाही. गिटची ब्रँच म्हणजे कमिटकडे दाखवणारं नुसतं बोट. रिफलॉगमध्ये, म्हणजे ब्रँच कधी कुठे होती याच्या नोंदवहीत, खूण असते, पण ती ज्याच्या त्याच्या मशीनवर, आणि सेटिंग बदललं नसेल तर 90 दिवसांत पुसली जाते. सबव्हर्जन या जुन्या प्रणालीत इतिहास बघताना ‘स्टॉप-ऑन-कॉपी’ लावलं की काम व्हायचं. असो.

म्हणून ब्रँच कुठून फुटली याच्या नोंदी ठेवायला लागलो, आधी टेक्स्ट फाइलमध्ये. सगळे शेवटच्या ओळीखालीच लिहिणार, म्हणून दर मर्जला कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी दोघांचे बदल. दोन महिन्यांत हात टेकले. मग सीव्हीएसच्या (सबव्हर्जनच्याही आधीच्या प्रणालीच्या) काळातली सवय उकरून काढली: ब्रँच काढण्याआधी त्या कमिटवर ॲनोटेटेड टॅग (संदेशासह लावलेली नावाची खूण), आणि टॅगच्या संदेशात ब्रँच का काढली ते. टॅगला नाव दिलं ‘फुटवा-3.2’. कमिट सर्व्हरवर पाठवले (पुश) तरी टॅग आपसूक जात नाहीत, हे कळायला दोन टॅग गमवावे लागले, ‘पुश.फॉलोटॅग्ज’ चालू केल्यावर तो त्रास मिटला.

आता खरी तक्रार. आमचा आवृत्ती क्रमांक ‘गिट डिस्क्राइब’ काढतं, आणि ते सगळ्यात जवळचा ॲनोटेटेड टॅग उचलतं. त्यामुळे चाचणीच्या बिल्डवर (कोडपासून तयार केलेल्या प्रोग्रामवर) ‘फुटवा-3.2-14’, म्हणजे टॅगनंतरचे 14 कमिट, आणि पुढे कमिटचा ओळखक्रमांक, हॅश. टेस्टरने विचारलं, हे नवीन प्रॉडक्ट आहे का? साधा टॅग लावला तर डिस्क्राइब त्याकडे बघत नाही, पण त्याला संदेश नसतो. मग लावायचा कशाला? उपाय एका ओळीचा, ‘--मॅच’ देऊन फक्त आवृत्तीचे टॅग धरायचे. पण आमच्याकडे बिल्डच्या चार स्क्रिप्ट. चौथी सापडली तिसऱ्या महिन्यात, तीही रिलीजच्या आदल्या रात्री. त्या रात्री मी सगळे फुटवे पुसणार होतो.

पुसले नाहीत ते बरं झालं. गेल्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न आला. बग आणणारा कमिट ‘गिट टॅग --कंटेन्स’ला दिला (तो कमिट ज्यांच्या इतिहासात आहे ते टॅग हे दाखवतं), यादीत ‘फुटवा-3.2’ दिसला. म्हणजे बग ब्रँच फुटण्याआधीचा, दुरुस्ती न्यायलाच हवी. मागच्या वेळी यात अख्खी दुपार गेली होती.

टॅग ठेवतोय. पाचवी स्क्रिप्ट कुठे दडून बसली नसली म्हणजे मिळवली.