चिमट्याच्या बुशसाठी 12 एमएमचा स्क्रू पुलर: घ्या, पण वायसर बदला

मोटरसायकलच्या चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा, रबरी बुश (आत-बाहेर लोखंडी नळी, मधे रबर) घरी बदलायचा असेल तर हातोडा बाजूला ठेवून स्क्रू पुलर, म्हणजे नट आवळून बुश ओढणारं हत्यार, घ्यावा. सांगलीत टूल्सच्या दुकानात लोकल मेकचा सेट मिळतो: आट्यांचा 12 एमएम रॉड, नट, वायसर आणि वेगवेगळ्या मापांचे कप. काम चोख होतं, पण सेट आणला तसाच वापरू नका.

वायसर फार पातळ असतात. जोर आला की बशीसारखे वाकतात, रॉड कलतो आणि बुश तिरका शिरतो. वर नट कोरडाच घासत राहतो, त्यात बरीच ताकद वाया जाते. बेअरिंगच्या दुकानातून 51201 नंबरचं थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे दाब झेलत फिरणारं बेअरिंग, आणा, त्याचं भोक 12 एमएमचंच असतं. ते नटाखाली घालून आट्यांना ग्रीस लावलं की एकोणीसचा पाना एका हातानं फिरतो. रॉड 8.8 ग्रेडचाच, म्हणजे कडक स्टीलचा हवा. मऊ रॉडचे आटे ताणले जातात आणि नट मधेच जाम होतो.

कप निवडताना खरी चूक होते. ढकलणारा कप बुशच्या बाहेरच्या नळीवरच टेकला पाहिजे, म्हणजे तिच्या व्यासापेक्षा जेमतेम अर्धा एमएम लहान. जोर आतल्या नळीवर आला तर रबर लोखंडापासून सुटतं. नवा बुश बसवतानाच वाया जातो. पलीकडचा कप बुशपेक्षा एक-दोन एमएम रुंद आणि बुशच्या लांबीपेक्षा खोल हवा. सेटमधले कप बऱ्याचदा मधल्या मापाचे निघतात. तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून कप करून घ्या, तोंड काटकोनात घासून मागा.

2019 आणि 2021 च्या पुरात बुडालेल्या गाड्यांवर पुलर एकटा पुरत नाही. गाळ आणि गंजानं बाहेरची नळी चिमट्याला धरून बसते. रबर कापून आतली नळी काढा, हेक्सॉ ब्लेड भोकातून ओवून बाहेरची नळी लांबीनं चिरा, मग बारीक छिन्नीनं आत दुमडा. चिमट्यावर चीर पडायच्या आत थांबायचं. नंतर भोक 320 च्या पॉलिश पेपरनं साफ करा. गंज राहिला तर नवा बुश तिरका अडकतो.

नवा बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला सगळे देतात. 30 एमएमची स्टीलची नळी त्यानं जेमतेम दीड शतांश एमएम आकसते, फार आशा ठेवू नका. साबणाचं पाणी जास्त कामाचं. रबराला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. नटाचे पहिले तीन-चार फेरे हळू द्या, दर फेऱ्याला चारही बाजूंनी कड बघा. कललेला दिसला की लगेच मागे घ्या, पुढे सरळ होईल या भरवशावर ओढू नका. एका फेऱ्याला पावणेदोन एमएम सरकतो, म्हणजे 40 एमएमच्या बुशला साधारण 23 फेरे.

चिमट्याचा मुख्य बोल्ट मेन स्टँडवर, चाक लटकत असताना घट्ट करू नका. रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळून लवकर फाटतं. गाडी चाकांवर उभी करून वर एक जण बसवायचा, मग कंपनीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनं, म्हणजे ठरवून दिलेल्या जोरानं, आवळायचं.

ज्या गाड्यांच्या चिमट्यात रबरी बुशऐवजी नीडल बेअरिंग (बारीक रोलरचं बेअरिंग) असतं, त्यांच्यासाठी हे कप चालत नाहीत. सेट आणायला जाताना जुन्या बुशचा बाहेरचा व्यास आणि लांबी व्हर्नियरनं मोजून लिहून न्या.