वीज कंपनी बदलून 14 महिने झाले : गोरेगावच्या घरातला अनुभव

"काकू, तुम्ही कंपनी बदललीत ना? किती वाचले महिन्याला?" आमच्या विंगमध्ये हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट लिहूनच काढते.

मुंबईत ही सोय बहुतेक उपनगरांना आहे. गावाकडे महावितरण एके महावितरण. इथे अदानी आणि टाटा पॉवर, दोन्हींकडे परवाना आहे. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने टाटांना घरगुती ग्राहकांनाही वीज विकण्याची वाट मोकळी करून दिली आणि 2009 मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने कंपनी बदलण्याची, म्हणजे चेंजओव्हरची, पद्धत घालून दिली. अदानींच्या जागी तेव्हा रिलायन्स होती, 2018 मध्ये अदानी आले. मी कुठून कुठे गेले ते मुद्दाम सांगत नाही, कारण माझ्या मते त्यावर काही ठरत नाही.

चेंजओव्हर म्हणजे वायर तीच, विकणारा दुसरा. हे मला अर्ज करताना कळलं नव्हतं. नवी कंपनी म्हणजे नवी केबल, असंच वाटायचं. मग एका रात्री सोसायटीच्या मीटर केबिनमधला मेन फ्यूज उडाला आणि आमची अख्खी विंग काळोखात गेली, दोन्हीकडचे ग्राहक एकदमच! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वीज घरापर्यंत आणून देण्याचा जो वहन आकार बिलात असतो, तो वायर ज्याची त्याच्या दराने लागतो. कंपनी बदलली तरी तो सुटत नाही. म्हणजे तुलना करायची ती मुख्यतः वीज आकाराची (दर युनिटमागे लागतो तो), स्थिर आकाराची (युनिट कितीही जळोत, दर महिन्याला लागतो तो) आणि दर महिन्याला खालीवर होणाऱ्या इंधन समायोजन आकाराची. वर सरकारचं 16 टक्के वीज शुल्क आहेच, ते कुणालाच चुकत नाही.

आता स्लॅबचं, म्हणजे युनिटच्या ज्या टप्प्यांवर दर बदलतो त्यांचं. आमच्या मजल्यावर पक्का समज आहे की 300 च्या पुढे एक युनिट गेलं की सगळं बिल महागड्या दराने लागतं. तसं नसतं हो. 320 युनिट जळले तर पहिले 100 पहिल्या दराने, पुढचे 200 दुसऱ्या दराने आणि वरचे फक्त 20 तिसऱ्या दराने. म्हणूनच "अमुक कंपनी स्वस्त" या बोलण्याला काही अर्थ नाही. एखादी खालच्या स्लॅबला स्वस्त असेल आणि वरच्या स्लॅबला महाग. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात. मी 12 महिन्यांचे आकडे वहीत उतरवले, दोन्ही दरपत्रकं शेजारी ठेवली आणि महिन्यामागून महिना हिशेब केला. एक संध्याकाळ गेली, पण उत्तर माझ्या घराचं मिळालं. फरक होता. मात्र लोक सांगत होते तेवढा नव्हता.

बदलाची प्रक्रिया सोपी गेली. जुनी थकबाकी शून्य हवी. नवीन सुरक्षा ठेव भरावी लागते, जुनी शेवटच्या बिलात वळती होऊन उरलेली परत येते. आमच्याकडे मीटर बदलला. जुना काढण्याआधी त्यावरच्या शेवटच्या आकड्याचा, मीटर क्रमांक दिसेल असा, फोटो काढून ठेवला. हे प्रत्येकाने कराच. पहिलं बिल खूप कमी आलं, घरात सगळे खूश. ते 19 दिवसांचं होतं. तेव्हापासून मी रुपये बघत नाही, युनिट भागिले दिवस बघते.

त्यातूनच खरी गोष्ट सापडली. कंपनी कुठलीही असो, आमचे रोजचे युनिट अकराच्या आसपासच राहत होते. नवीन मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि बाजूला 3200 हा आकडा लिहिलेला आहे. म्हणजे 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. एका दुपारी फ्रिजसकट सगळं बंद केलं आणि खाली जाऊन पाहते तर दिवा भराभर पेटतोय. मुलाला मीटरपाशी उभं केलं आणि वर येऊन एकेक एमसीबी (घरातल्या वीज-पेटीतला खटका) पाडत गेले, त्याला फोनवर विचारत, "थांबला का रे?" बाथरूमचा एमसीबी पाडला आणि तो म्हणाला, "थांबला, आई!" 25 लिटरचा गीझर होता. त्याचं बटण दिवसभर चालू राहत होतं आणि गरम पाण्याचा नळ गळत होता. थेंबाथेंबाने गरम पाणी जायचं, गार आत यायचं आणि दोन किलोवॅटचं कॉइल पुन्हा पेटायचं. वॉशर बदलला, अंघोळ झाली की बटण बंद करायची शिस्त लावली आणि रोजचे युनिट आठवर आले. महिन्याचे 330 चे 240 झाले, म्हणजे तिसरा स्लॅब पूर्ण सुटला.

आता वापर 240 वर आल्यावर आधीचा हिशेब उपयोगाचा नाही, कारण तो 330 च्या आसपासचे आकडे धरून केला होता. परवा नव्याने मांडला, तर दोन्ही कंपन्यांमधला फरक आणखी कमी झालाय. सध्या आहे तिथेच राहतेय. एप्रिलमध्ये नवे दर लागले की वही परत काढणार आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रविवारी बिलं घेऊन येणार आहेत, त्यांना येण्याआधी गीझर बंद करून मीटरचा दिवा बघून यायला सांगितलंय.