नवं म्हणून विकलेलं सीपॅप मशीन आधीच हजारो तास चाललेलं होतं

झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप मशीनमध्ये तासांचे दोन वेगवेगळे आकडे असतात, हे विकणारा आपणहून सांगत नाही. पहिला आकडा रुग्णाने मशीन किती तास लावलं त्याचा. तो रोज सकाळी पडद्यावर दिसतो आणि मशीन दुसऱ्या रुग्णाला देताना शून्यावर आणता येतो. दुसरा आकडा मोटर एकूण किती तास फिरली त्याचा. तो डॉक्टर आणि टेक्निशियन यांच्यासाठी असलेल्या आतल्या मेनूत असतो आणि बहुतेक मशीनमध्ये रुग्णाची माहिती पुसली तरी तसाच राहतो. माझ्या वडिलांना नवंकोरं म्हणून विकलेल्या मशीनमध्ये पहिला आकडा शून्य होता. दुसरा सहा हजारांच्या पुढे गेलेला होता. रात्रीचे सात तास धरले तर वर्षाला साधारण अडीच हजार होतात. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ कुणीतरी त्याच मशीनमधून श्वास घेत होतं.

बाबांना तीव्र स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ अडतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू खडबडून जागा होतो, आणि हे रात्रभर चालतं. तासाला ३०पेक्षा जास्त वेळा असं होत असेल तर तो तीव्र प्रकार; बाबांचे आकडे त्याच्याही बरेच वर होते, शिवाय रक्तदाब गोळ्यांना दाद देत नव्हता. स्लीप लॅबमध्ये रात्रभराची तपासणी झाली, कोणत्या दाबाला घसा उघडा राहतो तेही पाहिलं गेलं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं: ऑटो सीपॅप, म्हणजे दिलेल्या मर्यादेत दाब स्वतःच कमी-जास्त करणारं, दाब ८ ते १४, सोबत हवा ओलसर करणारा गरम ह्युमिडिफायर.

विक्रेत्याचा माणूस मशीन घेऊन घरी आला ते बॅगेत. खोका वेगळा होता आणि त्याचं सील फोडलेलं होतं. ‘सेटिंग करायला उघडावं लागतं,’ असं तो म्हणाला, आणि ते पटण्यासारखंच होतं. पहिल्याच रात्री बाबांनी सांगितलं की हवेला विडी-सिगारेटच्या धुरासारखा वास येतोय. आमच्या घरात कुणीच ओढत नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, नव्या प्लॅस्टिकचा वास आहे, चार दिवसांत जाईल. तो गेला नाही. मशीनचा आवाजही एका सुरात नव्हता, मधूनच घरघर वाढायची.

पैशांपेक्षा मला जास्त राग आहे तो पुढच्या प्रकाराचा. दिवसाची झोप कमी होईना, घोरणं थांबेना, पहाटे तोंड कोरडं पडायचं. प्रत्येक तक्रारीला त्या माणसाचं उत्तर एकच: ‘काका, तुम्ही मास्क नीट लावत नाही. तुमचं तोंड उघडं राहतं.’ त्यावर उपाय म्हणून त्याने नाकाच्या मास्कऐवजी नाक-तोंड दोन्ही झाकणारा महाग मास्क विकला. मशीन निर्जंतुक करायला ओझोनचं यंत्रही घ्या म्हणाला; ते मी घेऊ दिलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली सांगितलं होतं की सीपॅप स्वच्छ करण्यासाठी अशा कोणत्याही ओझोन यंत्राला तोवर त्यांची मान्यता नव्हती. मास्क आणि नळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुतली की पुरतं.

बाबांना मात्र खरंच वाटायला लागलं की दोष आपलाच आहे. ‘मला हे मशीन मानवत नाही’ म्हणत त्यांनी ते कपाटात ठेवायला काढलं होतं. हा उपचार चाळीस वर्षांहून जुना आहे, १९८१मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी तो पहिल्यांदा मांडला, आणि नीट लावला तर त्याचा गुण येतो. फसवणाऱ्यामुळे माणसाचा उपचारावरचाच विश्वास उडतो, याला मी निव्वळ पैशाची लबाडी मानत नाही.

उलगडा झाला तो डॉक्टरांनी मशीन आणि त्यातलं, रोजच्या नोंदी साठवणारं मेमरी कार्ड मागवल्यावर. लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी आतला मेनू उघडून मोटरचे तास दाखवले. गाडी विकताना किलोमीटरचा काटा मागे फिरवतात, त्यातलाच हा प्रकार. दाब पाहिला तर ४ ते २०, म्हणजे कारखान्यातून येतो तसा सताड मोकळा. डॉक्टरांच्या चिठ्ठीकडे कुणी पाहिलंच नव्हतं. ४ वर बाबांना हवा अपुरी वाटायची, दाब चढेपर्यंत घसा मिटून जायचा, आणि मग तो इतका वर जायचा की मास्कच्या कडेने हवा सुटायची. ‘तोंड उघडं राहतं’ म्हणून त्यांना ऐकवलं जात होतं, त्याचं मूळ हे. कार्डावर नोंदला गेलेला सिरियल नंबर मशीनच्या तळाशी होता तोच होता, पण बिलावर आणि खोक्यावर दुसराच. म्हणजे खोका आणि कागद एका मशीनचे, आणि आत दुसरंच.

जुन्या मशीनची भीती नुसत्या स्वच्छतेपुरती नाही. जून २०२१मध्ये फिलिप्सने आपली लाखो श्वसनयंत्रं परत मागवली, कारण आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. परत मागवलेलं एखादं मशीन फिरत फिरत कुणाच्या उशाशी आलं तर ते सिरियल नंबर जुळवल्याशिवाय कळणार नाही. म्हणून कोणत्याही कंपनीचं मशीन असो, नंबर तीन ठिकाणी पाहा: मशीनच्या तळाशी, खोक्यावर, बिलावर. नंतर तो कंपनीला थेट कळवून वॉरंटी कधी सुरू झाली ते विचारा. मोटरचे तास विक्रेत्यासमोर, पैसे देण्याआधी उघडून दाखवायला लावा. नव्या मशीनवर चाचणीचे थोडेफार तास असू शकतात, शेकड्यांनी नाही. ‘डेमोचं आहे’ म्हणाला तर तसं बिलावर लिहून मागा. मास्कचं माप बसून घेऊ नका; आडवं पडून, मशीन चालू करून, कूस बदलून पाहा. आणि जो मशीन विकतो त्यालाच तपासणीचा निष्कर्ष काढू देऊ नका.

आम्ही पडद्याचे आणि नंबरांचे फोटो, बिल, डॉक्टरांचं पत्र जोडून लेखी तक्रार दिली. फोनवर तो ‘स्टोअरमध्ये अदलाबदल झाली असेल’ म्हणत होता. ग्राहक तक्रारीचा मसुदा पाठवल्यावर मशीनचे पैसे परत आले. मास्कचे नाही आले. वापरलेला मास्क परत घेता येत नाही, असं त्याने कळवलं.

नवं मशीन डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ८ ते १४ वर लावलं आहे. कार्डावरची माहिती मी ‘ऑस्कर’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वतः पाहतो. तासाला अडणारे श्वास आता ५च्या खाली आहेत, आणि नाकाचा साधा मास्कच बाबांना पुरतो.

परत गेलेलं मशीन पुन्हा पुसून दुसऱ्या कुणाला विकलं जाईल, ही धास्ती होती. त्याचा सिरियल नंबर, तासांचा फोटो आणि सगळी हकिकत मी कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवली आणि स्लीप लॅबलाही दिली. लॅबमध्ये आता रुग्ण बाहेरून घेतलेलं मशीन घेऊन आला की आधी मोटरचे तास पाहतात, मगच दाब लावतात.