पीएसएलव्हीची प्रक्षेपणसेवा: यंत्र भरवशाचे, खुलासा अपुरा

खासगी किंवा परदेशी ग्राहकाचा उपग्रह भारतीय प्रक्षेपकावरून कक्षेत पोचवण्याचा व्यवहार पूर्वी अँट्रिक्स ही कंपनी पाहत असे. २०१९ मध्ये त्यासाठी न्यूस्पेस इंडिया लिमिटेड, अर्थात एनसिल, ही नवी सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या दुकानातला सर्वांत जुना आणि नावाजलेला माल म्हणजे इस्रोचा पीएसएलव्ही हा प्रक्षेपक, आणि हे परीक्षण त्याच सेवेचे आहे.

यंत्राबद्दल आधी बोलायला हवे, कारण त्याची कीर्ती कमावलेली आहे. १९९३ चे पहिले उड्डाण फसले; पुढे याच प्रक्षेपकाने चांद्रयान-१ आणि मंगळयान नेले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये एकाच फेरीत १०४ उपग्रह सोडले, त्यांपैकी १०१ परदेशी होते. छोट्या ग्राहकाला येथे पंगतीतल्या उरलेल्या पाटावर बसावे लागते, म्हणजे तारीख आणि कक्षा मुख्य उपग्रहाच्या सोयीने ठरते. तरीही पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ हा उपग्रह जून २०१६ मध्ये याच पाटावरून कक्षेत गेला. अशी संधी देणारी सेवा टाकाऊ म्हणता येणार नाही.

दराच्या बाबतीत मात्र जुना वरचष्मा राहिलेला नाही. स्पेसएक्स ही अमेरिकी खासगी कंपनी सहप्रवासी उपग्रहांचे दर संकेतस्थळावर उघड मांडते आणि जानेवारी २०२१ मध्ये एकाच उड्डाणात १४३ उपग्रह सोडून तिने १०४ चा विक्रमही मोडला. शिवाय श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय (दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या) कक्षेकडे जाताना श्रीलंकेचा भूभाग टाळण्यासाठी पीएसएलव्हीला वळसा घ्यावा लागतो आणि त्यात वहनक्षमता खर्ची पडते. तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम येथे उभारले जाणारे प्रक्षेपण केंद्र हा वळसा वाचवील, पण ते एसएसएलव्ही या छोट्या प्रक्षेपकासाठी आहे.

खरी तक्रार विश्वासाची आहे. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्हीच्या सी-६१ या उड्डाणात तिसरा, घन इंधनाचा टप्पा बिघडला आणि ईओएस-०९ हा उपग्रह गमावला. त्या अपयशाचा चौकशी अहवाल लोकांसमोर न येताच जानेवारी २०२६ मध्ये सी-६२ उडाले आणि पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात घात झाला. या खेपेस सोबत परदेशी ग्राहकांचेही उपग्रह होते. अपघात कोणाचाही होतो, हे ग्राहक आणि विमा कंपन्या जाणतात. कारण काय होते आणि कोणती दुरुस्ती केली, एवढे मात्र त्यांना कागदावर हवे असते.

ही गुप्तता धोरणातून येते. इस्रो ज्याच्या अखत्यारीत येते तो केंद्र सरकारचा अंतराळ विभागच अर्थसंकल्पातून पैसा घेतो, यान बांधतो, ते उडवतो आणि अपयशाची चौकशीही करवतो. एनसिल त्याच विभागाची कंपनी, आणि खासगी उद्योगांना परवाने देणारी इन-स्पेसही त्याच छत्राखाली. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत ३९३ परदेशी उपग्रहांच्या प्रक्षेपणातून सुमारे १४.३ कोटी डॉलर आणि २७.२ कोटी युरो मिळाले, असे सरकारने सांगितले आहे. दहा वर्षांच्या या कमाईपेक्षा विभागाची २०२५-२६ या एकाच वर्षाची तरतूद कितीतरी मोठी, १३,४०० कोटी रुपयांच्या आसपास होती. ग्राहक रुसला तरी विभागाचे फारसे अडत नाही, ते यामुळेच.

एचएएल आणि एल अँड टी यांना पाच पीएसएलव्ही बांधण्याचे कंत्राट २०२२ मध्ये मिळाले, हे पाऊल योग्य आहे. परंतु दोन्ही अपयशांचे अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत, ज्याच्याकडे एकच उपग्रह आहे आणि दुसरा बांधण्याची ऐपत नाही, अशा ग्राहकाला मी ही सेवा सुचवणार नाही.