तीन कॉम्प्युटर, दोन माणसं आणि एक थंडरबर्ड : नऊ महिन्यांचा अनुभव

८ जुलै २०२४, सोमवार. पहाटे एक ते सात या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलीमीटरच्या वर पाऊस पडून गेला होता. लोकल ठप्प, मी मुलुंडला घरी आणि प्रभादेवीच्या गाळ्याला कुलूप. एका जुन्या गिऱ्हाइकाला दुपारच्या आत कोटेशन हवं होतं. त्यांचा मेल घरच्या कॉम्प्युटरवर दिसत होता, अडचण ती नव्हतीच. कोटेशनचा तयार मजकूर, जीएसटी नंबर असलेली सही, त्यांच्या अकाउंट्सवाल्या बाईंचा पत्ता, हे सगळं ऑफिसच्या मशीनमध्ये. मग मार्चमध्ये पाठवलेला एक मेल शोधला, त्यातला मजकूर उचलला आणि पाठवून दिला. कागदाचा दरही मार्चचाच गेला. त्या जॉबमध्ये पदरचे पैसे घातले, आणि त्याच आठवड्यात तिन्ही कॉम्प्युटरवरच्या मेलच्या सेटिंग्ज सारख्या ठेवायच्या मागे लागलो.

आमची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, माहितीपत्रकं, मंडळांचे अहवाल. ऑफिसात तेव्हा विंडोज १०, घरी एका जुन्या डब्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट, आणि माझ्या सॅकमध्ये लॅपटॉप. तिन्हीवर थंडरबर्ड, म्हणजे मेल बघायचा-पाठवायचा फुकटचा प्रोग्राम. घरचं मशीन बाबा वापरतात. प्रेस त्यांनीच सुरू केली. आता रोज प्रभादेवीला येत नाहीत, पण सकाळी दहाला चहा घेऊन मेल बघायला बसतात आणि सव्वादहाला मला फोन करतात. हे आधीच सांगितलं, कारण पुढच्या बऱ्याचशा भानगडी या सव्वादहाच्या आसपासच्या आहेत.

ज्यांचा मेल अजून पॉप पद्धतीने एकाच मशीनवर उतरतो त्यांनी आधी आयमॅप करून घ्यावं, त्याशिवाय बाकीच्या गोष्टींना अर्थ नाही. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो. वाचलेला, न वाचलेला, कुठल्या फोल्डरात टाकलेला, हे सगळीकडे सारखं दिसतं. पण आयमॅपची हद्द तिथेच संपते. सही, फिल्टर, पत्ते, लेबलांची नावं, फॉन्ट हा सगळा संसार थंडरबर्ड आपापल्या मशीनवर, प्रोफाइल नावाच्या फोल्डरमध्ये मांडतं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये जसं लॉगिन केलं की सगळं आपोआप येतं, तशी सोय डेस्कटॉपच्या थंडरबर्डमध्ये मी हे लिहितोय तोवर, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत, आलेली नाही. गंमत म्हणजे ही मागणी फार जुनी आहे. मेल प्रोग्रामच्या सेटिंग्ज आणि पत्ते सर्व्हरवर ठेवता यावेत म्हणून १९९७ मध्ये अकॅप नावाचा प्रोटोकॉल रीतसर कागदावर आला होता. तो कुणी फारसा वापरलाच नाही. त्याचं जुनं दस्तऐवज वाचताना लग्न ठरून मोडल्यासारखी हळहळ वाटली.

सुरुवातीला पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं थंडरबर्ड पेनड्राइव्हवर घालून पाहिलं. तीन आठवडे. ते विंडोजवरच धड चालतं, पेनड्राइव्ह हळू, आणि तो रोज न विसरता खिशात ठेवणारा माणूस मी नाही.

मग सगळ्यात मोठी चूक केली. सिंकथिंग नावाचा फुकटचा, ओपन सोर्स प्रोग्राम आहे. मधे कुठलं क्लाउड न ठेवता दोन कॉम्प्युटरमधले फोल्डर तो सारखे ठेवतो. मी अख्खं प्रोफाइल त्याच्या ताब्यात दिलं. पहिले चार दिवस इतकं छान चाललं की मी दोन मित्रांना फोन करून शहाणपणा शिकवला. पाचव्या दिवशी मी ऑफिसात थंडरबर्ड उघडून बसलो होतो आणि तिकडे दहा वाजले. बाबांनी घरचं उघडलं. लॅपटॉप आणि सिंकथिंग दोन्हीकडच्या बदलांची इमानदारीत ने-आण करत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर प्रोफाइलमध्ये ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ नावाच्या फाइलींचा सडा, आणि अ‍ॅड्रेस बुकात निम्मीच नावं.

यात सिंकथिंगचा दोष नाही आणि थंडरबर्डचाही नाही. पत्ते, शोधाची सूची अशा गोष्टी छोट्या डेटाबेसमध्ये असतात आणि प्रोग्राम चालू असेतो त्यात सारखं काहीतरी लिहिलं जातं. चालू डेटाबेसची फाइल मधूनच उचलून दुसरीकडे ठेवणं म्हणजे छपाईचं मशीन चालू असताना प्लेट बदलण्यासारखं आहे. एक प्रोफाइल दोनदा उघडू नये म्हणून थंडरबर्ड कुलूप लावतं खरं, पण ते त्याच मशीनपुरतं. प्रभादेवीच्या कुलपाचा मुलुंडला काय उपयोग?

तरी मी हट्टाने, ‘बाबा, मी फोन केल्याशिवाय उघडू नका,’ असं सांगून आणखी काही आठवडे रेटलं. ते बिचारे दहा वाजता चहा घेऊन माझ्या फोनची वाट बघत बसायचे. शेवटी प्रश्न आपोआप मिटला. ऑफिसचं थंडरबर्ड १२८ वर गेलं, घरचं ११५ वरच होतं. नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, नवीन प्रोफाइल करा म्हणते. शिवाय विंडोजवरच्या सहीच्या फाइलचा पत्ता लिनक्सला कळायचा नाही तो नाहीच. सप्टेंबरात, ऐन गणपतीत, मी तिन्हीकडचं सगळं पुसून पुन्हा मांडलं.

आता जे चालू आहे ते असं : प्रोफाइल न्यायचंच नाही. त्यातली एकेक चीज सोडवायची आणि जिची तिच्या जागी ठेवायची.

पत्ते गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये. थंडरबर्ड आता कार्डडॅव्हने, म्हणजे सर्व्हरवरची पत्त्यांची यादी जोडायच्या पद्धतीने, ते थेट जोडतं, तिन्हीकडे तीच यादी, फोनवरही तीच. ज्यांना मेल पाठवला त्यांचे पत्ते आपोआप कुठल्या यादीत जावेत हे कंपोझिशनच्या सेटिंगमध्ये बदलता येतं, तिथे हीच यादी निवडायची. नाहीतर नवे पत्ते पुन्हा त्याच मशीनवर साचत राहतात. कोटेशनचे तयार मजकूर सर्व्हरवरच्या टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये. इतकं सोपं होतं हे! खात्याच्या सेटिंगमध्ये एक जागा बदलायची, की ड्राफ्टसारखेच टेम्प्लेटही सगळीकडे दिसतात. ८ जुलैला एवढं जरी केलेलं असतं तरी दराचा घोळ टळला असता.

फिल्टरबद्दल, म्हणजे आलेला मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरात टाकणाऱ्या नियमांबद्दल, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यांनी खाल्ला. थंडरबर्डमध्ये केलेला फिल्टर त्याच मशीनवर आणि ते चालू असतानाच चालतो. ऑफिस बंद, की रविवारी सगळा मेल इनबॉक्समध्ये तुंबणार आणि बाबा वैतागणार. हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते वेगळंच. नोव्हेंबरात एका गिऱ्हाइकाचे मेल मधूनच गायब व्हायला लागले. सकाळी फोनवर पाहिलेला मेल ऑफिसात पोचेपर्यंत इनबॉक्समध्ये नसायचा, आणि तेही सगळ्या दिवशी नाही. आमच्या डीटीपी करणाऱ्या ताईंनी सरळ विचारलं, “दादा, तुम्ही गाडीत लॅपटॉप उघडता त्याच दिवशी हे होतं का?” आणि तसंच होतं. लॅपटॉपमध्ये मी विसरलेला एक फिल्टर पडून होता, त्या गिऱ्हाइकाचा मेल आला की ‘जुने जॉब’मध्ये टाक. ज्या दिवशी मुलुंडला लोकलमध्ये बसायला मिळायचं, त्या दिवशी मी लॅपटॉप उघडायचो, फोनच्या इंटरनेटवर मेल यायचा आणि घाटकोपर येईपर्यंत तो फिल्टर आपलं काम करून मोकळा. उभ्याने प्रवास झाला तर मेल शाबूत. मध्य रेल्वेच्या गर्दीवर अवलंबून असणारा बग आयुष्यात एकदाच बघायला मिळतो.

त्या दिवसापासून तिन्ही थंडरबर्डमधले झाडून सगळे फिल्टर काढले आणि सर्व्हरवर नेले. जीमेलचे जीमेलमध्ये. प्रेसच्या डोमेनचा मेल ज्यांच्याकडे आहे त्यांच्या वेबमेलमध्ये फिल्टरचं पान आहे, त्याच्या आत सीव्ह नावाची, खास या कामासाठी केलेली छोटी भाषा असते. बटणं दाबून काम होतं, भाषा शिकावी लागत नाही. तेव्हापासून कॉम्प्युटर बंद असले तरी मेल आपापल्या खणात जाऊन पडतो.

लेबलांनीही एकदा चकवलं. मी ऑफिसात पहिल्या लेबलचं नाव बदलून ‘प्रूफ गेलं’ केलं होतं, तिसऱ्याचं ‘पैसे बाकी’. आमच्या सर्व्हरवर लेबल मेलबरोबर राहतं, पण फक्त त्याचा क्रमांक राहतो. नाव आणि रंग ज्याच्या त्याच्या मशीनवर. त्यामुळे ‘पैसे बाकी’ असलेली गिऱ्हाइकं बाबांना घरी ‘वैयक्तिक’ दिसायची. “ही सगळी तुझी मित्रमंडळी कधी झाली?” असं त्यांनी विचारलं होतं.

अशा उरल्यासुरल्या गोष्टींसाठी यूझर-डॉट-जेएस नावाची साधी मजकुराची फाइल आहे. प्रोफाइलमध्ये ठेवली की थंडरबर्ड उघडताना ती वाचतं आणि तिच्यात लिहिलेलं खरं मानतं. लेबलांची नावं, सही, वेळोवेळच्या बारीक सवयी मी तिच्यात घातल्या, मिळून चाळीसेक ओळी. आता सिंकथिंग एवढीच फाइल नेतं. ऑफिसकडून ‘फक्त पाठव’, बाकी दोघांकडे ‘फक्त घे’. एक छोटी स्क्रिप्ट ती प्रोफाइलमध्ये टाकते आणि मग थंडरबर्ड उघडते. सिंकथिंगला दोन्ही मशीन एकाच वेळी चालू लागतात, आणि आमचं ऑफिस आणि घर क्वचितच एका वेळी चालू असतं. ती उणीव लॅपटॉप भरून काढतो. दिवसा ऑफिसकडून घेतो, रात्री घरी देतो. प्रभादेवीहून मुलुंडला जाणारा टपालवाला म्हणा.

दोन सावधानता. खाती सगळ्या मशीनवर एकाच क्रमाने जोडा. सहीची ओळ कुठल्या खात्याला लागू होणार हे क्रमांकावरून ठरतं. माझ्या लॅपटॉपवर क्रम उलटा होता, म्हणून आठवडाभर प्रेसची सही माझ्या घरगुती मेलखाली जात होती आणि मावशीला दिवाळीच्या शुभेच्छांखाली जीएसटी नंबर मिळाला. दुसरं, या फाइलमधली गोष्ट मेनूतून बदलली तरी पुढच्या वेळी उघडताना जुनीच परत येते. हे मी स्वतः केलेलं असूनही दोनदा विसरलो आणि थंडरबर्डला शिव्या घातल्या.

पासवर्ड नेले नाहीत, नेणारही नाही. प्रत्येक मशीनवर एकदा टाकले की झालं. जंक ओळखायचं शिक्षण प्रत्येक थंडरबर्डचं वेगळं राहिलंय, चालतं. ऑक्टोबर २०२४ अखेरीला अँड्रॉइडवरही थंडरबर्ड आलं. डेस्कटॉपवरचा क्यूआर कोड दाखवून खाती फोनवर नेता येतात, लेबलांची नावं मात्र नाहीत.

हे सगळं कुणाला करायचं असेल तर एक शनिवार-रविवार राखून ठेवावा. दोन खाती, एक माणूस आणि सही एवढंच असेल तर यातलं काहीच करू नका, पत्ते आणि टेम्प्लेट सर्व्हरवर टाका आणि सुखात राहा.

खरी परीक्षा मार्च २०२५ मध्ये झाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबणार होते म्हणून ऑफिसला नवीन मशीन आणलं. थंडरबर्ड टाकलं, खाती क्रमाने जोडली, फाइल ठेवली, आणि पाऊण तासात ताईंनी त्यावरून पहिलं प्रूफ पाठवलं. नव्या मोठ्या स्क्रीनवर देवनागरी अक्षरं जरा बेढब दिसत होती, म्हणून फाइलमध्ये फॉन्टच्या आणि आकाराच्या दोन ओळी वाढवल्या आणि लॅपटॉप घेऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाऐवजी दहा वाजून दोन मिनिटांनी फोन. “अरे, हे अक्षर एवढं बारीक कुणी केलं? मला ओ की ठो दिसत नाहीये.” त्यांनी घरी आकार वाढवून ठेवला होता, तो माझ्या ओळीने पुसला. त्या दोन ओळी आता सगळ्यांच्या फाइलमधून काढल्यात. घरच्या फॉन्टची वेगळी फाइल आहे, आणि ती सिंकथिंगला दाखवलेलीही नाही.