ऑल-व्हील ड्राइव्हची छोटी एसयूव्ही बर्फात: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

अख्खा हिवाळा ही गाडी रोज चालवली. जागेवरून निघणं आणि चढ चढणं या दोन कामांत तिने एकदाही कुरकुर केली नाही. थांबणं आणि वळणं या दोन कामांत मात्र ती तेवढ्याच वजनाच्या कुठल्याही फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या, गाडीसारखीच आहे. ऑल-व्हील ड्राइव्हसाठी, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळावी म्हणून, जास्तीचे पैसे मोजायचे की नाही, हे ठरवण्याआधी ही विभागणी नीट समजून घ्यायला हवी. शोरूममध्ये बोलणं फक्त पहिल्या दोन कामांबद्दल होतं.

गाडी या वर्गातल्या बहुतेक गाड्यांसारखीच आहे: लहान टर्बो पेट्रोल इंजिन, तेही आडवं बसवलेलं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मुळात पुढच्या चाकांवर चालणारी रचना. मागच्या चाकांकडे ताकद जाते ती मागच्या डिफरन्शियलजवळ (ताकद वाटून चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारा गिअरांचा संच) बसवलेल्या बहुप्लेट क्लचमधून, म्हणजे एकमेकींवर आवळल्या की ताकद पुढे देणाऱ्या चकत्यांमधून. 1980 मध्ये आलेल्या ऑडी क्वात्रोत मध्ये डिफरन्शियल होतं आणि चारही चाकांना कायम ताकद मिळायची. आडव्या इंजिनाच्या गाड्यांमध्ये 1998 च्या सुमारास हॅलडेक्स कंपनीचा क्लच आला, तेव्हापासून 'गरज पडेल तेव्हा मागची चाकं' हा प्रकार रुळला. आज छोट्या एसयूव्हींमध्ये तोच जास्त दिसतो. सपाट, कोरड्या रस्त्यावर एका वेगाने जाताना माझी गाडी जवळपास पूर्णपणे फ्रंट-व्हील असते. डॅशबोर्डवर ताकदीची विभागणी दाखवणारं चित्र आहे, त्यात मागच्या चाकांचे पट्टे तेव्हा रिकामे दिसतात.

सुरुवातीच्या काळात असे क्लच पुढची चाकं घसरल्यावरच जागे व्हायचे. आता तसं नाही. थांबलेल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चाक फिरायच्या आतच क्लच आवळलेला असतो, कारण संगणक पेडल किती दाबलं, स्टिअरिंग किती वळलं, बाहेर किती थंडी आहे हे सगळं बघून आधीच अंदाज बांधतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर सिग्नलपासून निघताना हे फार छान जाणवतं. बाजूच्या गाडीची पुढची चाकं जागेवर फिरत असतात आणि आपण शांतपणे निघून जातो. वळणावर चित्र थोडं वेगळं असतं. वळणाच्या मध्यावर पाय दिला की नाक आधी किंचित बाहेर सरकतं, मग मागची चाकं कामाला लागतात आणि एक हलकासा धक्का बसून गाडी रेषेवर येते. सवय झाली की त्याचं काही वाटत नाही. पण पाय देण्यात घाई केली, तर तो मधला क्षण अंगावर येऊ शकतो.

चढावरचा फरक कागदावरही मांडता येतो. घट्ट बर्फावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या साधारण पाव असते. घर्षणाचा गुणांक (पकड सांगणारा आकडा) 0.2 धरला, तर चारही चाकं ओढणारी गाडी तत्त्वतः 20 टक्के चढ, म्हणजे 100 मीटरला 20 मीटर, चढू शकते. फ्रंट-व्हील गाडीचं साधारण 60 टक्के वजन पुढे असतं आणि चढावर त्यातलं थोडं मागे सरकतं, त्यामुळे तिची मर्यादा 11 टक्क्यांच्या आसपास येते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमीच भरतील, पण त्यांच्यातलं प्रमाण साधारण तेच राहतं. पार्किंगच्या उतरत्या रस्त्यावरून सकाळी वर येताना मला रोज मिळालेला फायदा हाच होता. तुमच्या वाटेत असा चढ असेल, तर या गाडीला पर्याय शोधत बसू नका.

आता तोच गुणांक ब्रेकला लावून बघा. ताशी 50 किलोमीटर वेगाने ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर गाडी 12-13 मीटरमध्ये थांबते. घट्ट बर्फावर तिला 49 मीटर लागतात आणि गोठलेल्या गुळगुळीत थरावर 98. तुमची प्रतिक्रिया व्हायला जाणारा वेळ यात धरलेला नाही. या हिशोबात किती चाकं ओढतात हा प्रश्नच येत नाही, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं, हेही दोन्ही गाड्यांना सारखंच लागू आहे.

या गाडीबद्दलची माझी खरी तक्रार इथे सुरू होते, आणि गंमत म्हणजे ती तिच्या गुणातूनच येते. फ्रंट-व्हील गाडीत रस्ता निसरडा असेल, तर निघतानाच कळतं. चाक फिरतं, दिवा लुकलुकतो, स्टिअरिंग हलकं लागतं. ही गाडी ते सगळं पोटात घालते. चकचकीत गोठलेल्या रस्त्यावरही ती अशी निघते, की खाली काय आहे याचा पत्ताच लागत नाही. तो लागतो पहिल्या ब्रेकला, आणि तोवर वेग आलेला असतो. म्हणून घरून निघाल्यावर मागेपुढे कोणी नसेल अशा ठिकाणी, अगदी कमी वेगात, एकदा ब्रेक जरा जोरात दाबून बघायची सवय मी लावून घेतली आहे. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा) किती लवकर खडखडतं, त्यावरून त्या दिवसाचा अंदाज येतो. तापमान शून्याच्या आसपास असेल तेव्हा तर हे हवंच, कारण वितळायला आलेला बर्फ उणे 15 अंशांवरच्या बर्फापेक्षा कितीतरी निसरडा असतो. कडाक्याच्या थंडीत लोक जास्त घाबरतात, पण घसरगुंडी होते ती अशा नरम दिवशी.

भुसभुशीत, खोल बर्फात एबीएसची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चाक पूर्ण आवळलं गेलं की त्याच्यापुढे बर्फाचा ढीग साचतो आणि तोच गाडीला अडवतो. एबीएस चाक आवळू देत नाही, त्यामुळे अशा बर्फात अंतर उलट वाढतं. त्या बदल्यात स्टिअरिंग हातात राहतं, आणि मला तो सौदा मान्य आहे.

आता टायर. माझं ठाम मत आहे, की पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील, तर साधी फ्रंट-व्हील गाडी घ्या आणि तिला चांगले हिवाळी टायर घाला. उन्हाळी टायरवरची ऑल-व्हील एसयूव्ही त्या गाडीपुढे थांबण्यात आणि वळण्यात हरते. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंशांखाली कडक व्हायला लागतं, मग बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचं मिश्रण थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर असलेल्या बारीक चिरा बर्फाला चावतात. खाचांमध्ये बर्फ भरला तर बरंच, कारण बर्फ बर्फाला धरतो. गाडीसोबत आलेल्या टायरवर 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) अशी अक्षरं होती. ती बघून निश्चिंत होऊ नका, तो शिक्का उत्पादक नुसत्या खाचांच्या रचनेवरून मारू शकतो. बघायचं ते तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह, कारण त्यामागे बर्फावर घेतलेली चाचणी असते. तीही हिमाच्या पृष्ठभागावरची, गोठलेल्या थरावरची नव्हे. युरोपातल्या टायर लेबलवर 2021 पासून त्या थरावरच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह आलं आहे, ते या कारणानेच.

मूळ टायरवर मी हिवाळ्याचे पहिले काही दिवस काढले आणि मग हिवाळी टायर चढवले. गाडी तीच, रस्ता तोच, पण एबीएस सुरू होण्याची वेळ चांगलीच पुढे गेली. त्या दिवसानंतर ऑल-व्हीलचं कौतुक करताना मी थोडी सावध झाले. हवेचा दाबही बघत राहा. तापमान 10 अंशांनी उतरलं की तो दीड ते दोन पीएसआयने घटतो. उबदार गॅरेजमध्ये बरोबर भरलेली हवा बाहेर पडल्यावर कमीच असते.

स्नो मोड हा प्रकार जाहिरातीपुरता असेल असं वाटलं होतं, पण तो कामाचा निघाला. पेडल मवाळ होतं, गिअर लवकर वर जातो आणि क्लच जास्त वेळ आवळलेला राहतो. खोल बर्फात मात्र ट्रॅक्शन कंट्रोल आडवं येतं. चाक जरा घसरलं की ते इंजिनाची ताकद तोडतं, आणि गाडीला नेमका तेव्हाच जोर हवा असतो. अशा वेळी ते बंद करून, हळूहळू पुढे-मागे झुलवत बाहेर यायचं. पण हे लांबवू नका. क्लच सतत घसरत राहिला की तापतो, पडद्यावर इशारा येतो आणि गाडी स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देते. तसा इशारा मी एकदा पाहिला. थोडं थांबल्यावर सगळं पूर्ववत झालं. या गाड्या खोल बर्फ नांगरत जाण्यासाठी नाहीत. जमिनीपासूनची उंची बंपर वाचवण्यापुरती ठीक आहे. बर्फ पोटाला टेकला की गाडी त्याच्यावर तरंगते आणि मग किती चाकं ओढतात याला काही अर्थ उरत नाही.

जिच्याबद्दल कोणी सांगितलं नव्हतं अशी एक अडचण म्हणजे हेडलाइट. एलईडी दिवे पुढच्या बाजूला फारशी उष्णता फेकत नाहीत, त्यांची गरमी मागच्या धातूच्या पातळ पट्ट्यांतून निघून जाते. जुने हॅलोजन दिवे स्वतःवरचा बर्फ आपोआप वितळवायचे. माझ्या दिव्यांवर चिखलमिश्रित बर्फाचा थर जमतो आणि प्रकाश हळूहळू कमी होतो, इतका हळू की आत बसून लक्षातच येत नाही. लांबच्या प्रवासात मध्येच उतरून पुसावे लागतात. पुढच्या रडारचंही तसंच. बंपरच्या जाळीवर बर्फ बसला, की अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी यंत्रणा) आणि आपोआप लागणारा ब्रेक दोन्ही 'सध्या उपलब्ध नाही' म्हणून मोकळे होतात. लेन दाखवणारा कॅमेरा पांढऱ्या रस्त्यावर तसाही आंधळाच. म्हणजे मदतीची सगळी यंत्रणा नेमकी गरजेच्या दिवशी रजेवर जाते. ती आहे म्हणून गाडी घेऊ नका. बर्फात क्रूझ कंट्रोल लावणं तसंही शहाणपणाचं नाही.

मायलेजबद्दल फार बोलत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांप्रमाणे 25 अंशांच्या तुलनेत उणे 7 अंशांवर पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज सुमारे 15 टक्के घटतं, आणि 5-6 किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये ही घट 24 टक्क्यांपर्यंत जाते. माझ्या फेऱ्या छोट्या आहेत, पेट्रोलचा खर्चही त्याच प्रमाणात वाढला. लहान टर्बो इंजिन गरम व्हायला वेळ लावतं, तोवर हिटर कोमट हवा सोडत बसतो. सीट गरम होतात हे त्यावरचं उत्तर आहे आणि मी ते मनापासून स्वीकारलं आहे. काचेवर वाफ धरली, तर आतलीच हवा फिरवणारं बटण बंद ठेवा आणि एसी चालू करा. एसी हवेतला ओलावा काढतो, थंडीत लोक नेमका तोच बंद करतात.

बॅटरी हिवाळ्याआधी तपासून घेतली होती, त्यामुळे त्रास झाला नाही. तिच्यावरचा सीसीए आकडा (थंडीत इंजिन सुरू करण्याची ताकद) उणे 18 अंशांवर मोजलेला असतो, नवी घेताना तो बघा. सपाट जागी गाडी लावताना थंडीत हँडब्रेक ओढत नाही, 'पी' वर सोडते. ओले ब्रेकपॅड रात्रीत डिस्कला चिकटून बसतात.

रस्त्यावरचं मीठ गाडीच्या पोटाला खातं. तापमान शून्याच्या वर गेलं की खालून धुवून घ्यावी लागते. ऑल-व्हीलमध्ये मागचा शाफ्ट, डिफरन्शियल, क्लच असं जास्तीचं सामान खाली लटकतं, त्यामुळे ही हेळसांड जास्त महागात पडते.

आणि चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढची जोडी नवी आणि मागची जुनी असेल तर त्यांचा घेर वेगळा असतो, मग सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाकं वेगळ्या गतीने फिरतात आणि क्लच विनाकारण घासत राहतो. म्हणजे एक टायर फाटला तरी कधी कधी चारांचा खर्च येतो. विकत घेण्याआधीच हा हिशोब करा. हिवाळी टायरची खाच 4 मिलिमीटरपर्यंत आली की मी ते बदलणार आहे. युरोपात कायद्याची किमान मर्यादा 1.6 आहे, पण तेवढ्यावर बर्फात काही उरत नाही. मागच्या क्लचचं तेल हा आणखी एक खर्च. त्याचं वेळापत्रक इंजिन तेलापेक्षा वेगळं असतं, गाडीच्या पुस्तिकेत वेगळ्या ओळीत दिलेलं असतं, आणि सर्व्हिसला गाडी देताना ते आपणच आठवणीने सांगावं लागतं.