कीर्तन शूट करायचा सेटअप : अकरा महिने वापरून झाल्यावर

कॅमेरा घ्यायच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू बघितले तेवढा अभ्यास बारावीला केला असता तर आज कुठंतरी असतो. पण त्या सगळ्या रिव्ह्यूंमध्ये काय असतं, तर कॉफीच्या कपातून निघणारी वाफ, बागेत चालणारी एक मुलगी, मांजर, आणि मग संध्याकाळचा समुद्र. दहा-दहा सेकंदांचे तुकडे. आमच्याकडं, म्हणजे नेवासा तालुक्यात, काम असतं ते सप्ताहातल्या कीर्तनाचं, रात्री नऊला उभं राहिलेलं कीर्तन अकराला संपेल असं पत्रिकेत छापलेलं असतं आणि महाराज रंगात आले की साडेअकरा कुठं गेले कळत नाही. एवढा वेळ कॅमेरा सलग चालू ठेवला तर काय होतं हे मला एकाही रिव्ह्यूत सापडलं नाही, म्हणून हे लिहितोय. पहिल्या तासात सगळेच कॅमेरे चांगले असतात, खरं काय ते दुसऱ्या तासात कळतं.

चैत्रात सुरुवात केली, आत्तापर्यंत बावीस की तेवीस कीर्तनं झाली. त्याआधी माझ्याकडं लग्नाच्या फोटोंचा जुना डीएसएलआर होता, तो २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप बंद पडायचा. मला वाटायचं बिघडलाय. नंतर कळलं की अर्ध्या तासापेक्षा जास्त रेकॉर्ड करणारा कॅमेरा युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर ड्युटी जास्त लागायची, म्हणून कंपन्याच ती मर्यादा टाकून द्यायच्या. तिकडच्या जकातीपायी आमच्या इथं अभंगाचं चौथं चरण कापलं जायचं. असो.

मग सेकंडहँड मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला, एपीएस-सी म्हणजे मधल्या आकाराच्या सेन्सरचा, फोर-के वाला. मॉडेल सांगत नाही, कारण खाली मी त्याची तक्रार पण करणार आहे आणि नाव घेतलं की लोक कंपनीवरून भांडत बसतात, मुद्दा राहतो बाजूला.

पहिला धडा वैशाखात मिळाला. एका घरी वडिलांच्या पुण्यस्मरणाचं कीर्तन, सकाळी दहा ते बारा, पत्र्याच्या शेडमध्ये, वर पत्रा तापलेला आणि कॅमेरा फोर-केवर. एक तास नऊ मिनिटांनी स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आलं, मी ते बघून न बघितल्यासारखं केलं, आणि अजून दहा मिनिटांनी कॅमेरा गप्प. परत चालू करावा तर दोन मिनिटांत परत गप्प. चौदा मिनिटं गेली, आणि नेमकं त्याच चौदा मिनिटांत महाराजांनी त्या आजोबांचं नाव घेऊन त्यांच्या वारीबद्दल सांगितलं. घरच्यांना तेवढंच तर हवं होतं. आवाज रेकॉर्डरवर वेगळा होता म्हणून वाचलो, त्यावर माळकऱ्यांचे नि घरच्यांचे फोटो लावून दिले. त्यांच्या थोरल्या सुनबाई म्हणाल्या, "दादा, चांगलं झालंय," पण त्या कशा म्हणाल्या ते मला माहीत आहे.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या आणि आजपर्यंत परत बंद पडला नाही. एक, मेनूत ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर म्हणून सेटिंग असतं, किती गरम झाल्यावर बंद व्हायचं त्याचं, ते हायवर टाकलं (कॅमेरा हातात धरणार नसाल तरच, चांगला चटका बसतो). दुसरं म्हणजे स्क्रीन बॉडीला चिकटून न ठेवता उघडून बाहेर काढून ठेवायची, मागून हवा लागते. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आतली बॅटरी काढून डमी बॅटरी घातली. आतली बॅटरी चालता चालता स्वतः गरम होते आणि ती उष्णता नेमकी बॉडीतच अडकते, डमीत नुसती वायर असते. डमीला बाहेरून एनपी-एफ ९७० टाइपची मोठी बॅटरी लावली, ही जुन्या सोनी हँडीकॅमच्या जमान्यातली जात, अजून सगळीकडं मिळते आणि तीच बॅटरी छोट्या एलईडी लाइटला पण चालते. पूर्ण कीर्तन होऊन सुद्धा उरते. हे सगळं मिळून कॅमेऱ्याच्या किमतीचा दहावा हिस्सा पण नाही झाला.

डमी घेताना एक बघा, वायर बाहेर यायला बॅटरीच्या झाकणात छोटं रबरी बूच असतं, ते असेल तरच झाकण बंद होतं, नाहीतर झाकण उघडं राहतं आणि काही कॅमेरे झाकण उघडं असलं की चालूच होत नाहीत.

आता कार्ड. फोर-के १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) म्हणजे तासाला ४५ जीबी, हिशोब सोपा आहे, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. म्हणजे ६४चं कार्ड सव्वा तासाच्या थोडं पुढं भरतं, परत तोच दुसरा तास. १२८ला पावणेतीन तास जातात, म्हणून १२८च्या खाली जाऊ नका. व्ही-३० लिहिलेलं पुरतं, त्याचा अर्थ कमीत कमी ३० एमबी दर सेकंदाला लिहिणार, आपल्याला त्याच्या निम्मंही लागत नाही, उगाच व्ही-९०ला पैसे घालू नका. पण कार्ड खरं आहे का ते बघा. मी ऑनलाइन एक १२८चं घेतलं होतं, पॅकिंग एकदम झकास, होलोग्राम-बिलोग्राम, आणि एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे त्यात टाकलं तर आत निघाले ३० जीबी आणि काहीतरी. असलं कार्ड रेकॉर्डिंग थांबवत नाही, मजेत चालू दाखवतं, घरी आल्यावर फाइल उघडत नाही. तेव्हापासून नवीन कार्ड आधी कॉम्प्युटरला, मग कॅमेऱ्याला.

लाइटचं सांगतो, कारण यात सगळे फसतात. सुरुवातीला माझ्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे वरून खाली सरकायचे आणि मी लेन्सला दोष देत होतो. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, बल्ब-ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते, आणि कॅमेरा होता एनटीएससीवर (६० हर्ट्झ वीज असलेल्या देशांचं सेटिंग), ३० फ्रेम आणि शटर ६०, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. मेनूत पाल (५० हर्ट्झवाल्यांचं सेटिंग) करून २५ फ्रेम आणि शटर ५० केलं की पट्टे गायब. पण सप्ताहात लाइट गेली की जनरेटर, आणि जनरेटरवर कुणी मधेच पाण्याची मोटर लावली की त्याची फ्रिक्वेन्सी डोलते, तेव्हा ५० शटरवर सुद्धा हलकीशी लहर दिसते. त्याला इलाज नाही, मंडपवाल्याशी गोड बोलणं हाच इलाज. ते एलईडी पार, म्हणजे स्टेजवरचे रंगीत दिवे, तर वेगळ्याच चालीवर लुकलुकतात, वर ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग कॅमेऱ्यानंच ठरवायचे) ठेवला की महाराज एका ओवीत निळे नि दुसऱ्या ओवीत गुलाबी. व्हाइट बॅलन्स फिक्स करा आणि ऑपरेटरला सांगा, पार स्टेजच्या मागच्या पडद्यावर मार, माणसावर नको.

अजून एक अडचण पांढऱ्याची. कीर्तनकारांचं धोतर पांढरं, सदरा पांढरा, उपरणं पांढरं, फेटा पण बहुतेक वेळा पांढरा, मागं टाळकरी ओळीनं उभे ते सगळे पांढरे, आणि समोरून हॅलोजन. कॅमेऱ्याला एक्स्पोजर ठरवू दिलं तर एकतर फेटा जळतो नाहीतर चेहरा काळा पडतो. मी झेब्रा (फार उजळ भागावर स्क्रीनवर रेघा दाखवणारं सेटिंग) ९५वर लावतो आणि फेट्यावर रेघा येतील न येतील इतपत ठेवतो, चेहरा थोडा डार्क राहतो तो नंतर एडिटिंगला वर घेतो. हॅलोजनला ट्रेसिंग पेपरसारखं पांढरं जिलेटिन क्लिपनं लावलं की निम्मं काम होतं, कागद मात्र लावू नका, पेटतो. एकदा महाराजच निरूपण थांबवून माइकवरून म्हणाले, "माऊली, तो दिवा जरा बाजूला घ्या, मला पांडुरंग दिसंना." अख्खा मंडप हसला, ते रेकॉर्डिंगमध्ये आहे.

लेन्स सिग्माची ५६ एमएम एफ १.४ घेतली आणि या अकरा महिन्यांत ज्या खरेदीचा एकदाही पस्तावा झाला नाही ती ही. पंचवीस फुटांवरून फेट्यापासून पायापर्यंत उभा माणूस बसतो. मी शूट फोर-के करतो पण देतो फुल एचडी, त्यामुळं त्याच फ्रेममधून कमरेपासून वरचा क्लोज वेगळा कापता येतो, बघणाऱ्याला वाटतं दोन कॅमेरे होते. अंधारात १.४ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, जायचा मोह होतो, पण मी २.८ वर ठेवतो, पंचवीस फुटांवर पुढं-मागं मिळून सहा-सात फूट शार्प राहतं, आणि कीर्तनकार साधारण तेवढ्यातच फिरतात. मग ऑटोफोकस बंद. हो, बंद. त्या आय-ट्रॅकिंगचं (डोळा शोधून फोकस करण्याचं) एवढं कौतुक असतं पण महाराजांना हार घालायला एकेक पाहुणा येतो ना, कॅमेरा त्याच्या मागं लागतो, मग मृदंगाचार्यांवर जातो, मग विणेकऱ्यावर जाऊन बसतो, कारण अख्ख्या मंडपात न हलणारा तोच एक.

आवाज. यावर खरंतर वेगळं लिहायला पाहिजे. आधी मी एक स्वस्तातला वायरलेस कॉलर माइक महाराजांना लावायचो, उपरणं घासल्याची खसखस आणि पखवाजाची थाप पडली की आवाज फाटलाच. मग साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून सरळ कॅमेऱ्याच्या माइक सॉकेटला वायर घातली, तो अजून मोठा गाढवपणा, मिक्सरचा लाइन लेव्हल सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा खूप जोराचा, तो माइकच्या इनपुटला झेपत नाही, सगळा चिरकतो. वर कॅमेरा जनरेटरच्या चार्जरवर असला तर तोच ग्राउंड (अर्थिंग) दोन्हीकडून फिरून भुंऽऽ असा गुणगुणाट येतो.

आता झूम कंपनीचा एच-वन इसेन्शियल रेकॉर्डर वापरतो, २०२४मध्ये आलेला. दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो म्हणजे जनरेटरशी संबंधच नाही, आणि ३२-बिट फ्लोट रेकॉर्ड करतो, त्याला गेनचं, म्हणजे आवाज किती जोरात घ्यायचा त्याचं, बटणच नाही. याचा अर्थ काय ते पहिल्यांदा घरी कळलं. महाराज हळू आवाजात दृष्टांत सांगतायत आणि एकदम "विठ्ठल विठ्ठल"चा गजर, पखवाज, चाळीस टाळ. कॉम्प्युटरवर वेव्हफॉर्म बघितला तर आभाळाला टेकलेला, म्हटलं गेलं, फाटलं. लेव्हल खाली ओढली तर आत अख्खा आवाज शाबूत! मात्र मिक्सरमध्येच आवाज फाटून येत असेल तर हा काही करू शकत नाही, फाटका आवाज इमानदारीनं तसाच लिहून ठेवतो.

आवाज मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (भोंग्यांपासून वेगळं असलेलं आउटपुट) घ्यायचा, म्हणजे ऑपरेटरनं भोंग्याचा आवाज कमी-जास्त केला तरी आपल्याला फरक पडत नाही. बॅगेत पी-३८ (मिक्सरचा जाड जॅक) ते ईपी (हेडफोनसारखा बारीक जॅक) वायर स्वतःची ठेवा, आरसीएची पण ठेवा, साऊंडवाल्याकडं असते ती नेहमी एका बाजूनं तुटलेली असते. आणि कॅमेऱ्यावरचा माइक चालूच ठेवायचा, कारण मिक्सरमध्ये फक्त महाराज आणि पखवाज येतात, समोर बसलेल्या माणसांचा टाळ्यांचा, हसण्याचा आवाज त्यात नसतो आणि त्याच्याशिवाय कीर्तन बंद खोलीत झाल्यासारखं वाटतं.

यात पण दुसरा तास आहेच. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये दोन्ही आवाज वेव्हफॉर्मवरून आपोआप जुळवता येतात, सुरुवातीला एकदम चपखल, आणि शेवटच्या आरतीपर्यंत ओठ नि शब्द किंचित सरकलेले. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ अगदी एकसारखं चालत नाही, तासाला काही फ्रेमचा फरक पडतो. मी मधल्या गजरात एक कट मारतो आणि तिथून पुढं परत जुळवतो.

भाच्यानं डीजेआयचा ओस्मो पॉकेट ३ हा छोटा कॅमेरा घेतलाय, तो दिंडीसाठी मागून नेतो. १७९ ग्रॅमचा जीव, एक इंची सेन्सर, डोक्यावर तीन अक्षांचा गिम्बल (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा), स्क्रीन फिरवली की चालू. पावली खेळणाऱ्यांच्या मधून चालत जा, चित्र तरंगत जातं, माझा मिररलेस हे सात जन्मात करणार नाही. पण बॅटरी आत बंद, बदलता येत नाही, पाण्या-धुळीचं रेटिंग नाही, आणि काल्याच्या दिवशी बुक्का, गुलाल, लाह्या, फुलं सगळं हवेत असतं. त्या दिवशी मी तो बाहेर काढत नाही. मिररलेसच्या लेन्सवर पण यूव्ही फिल्टर लावतो, बुक्का काचेवरून कपड्यानं पुसायचा नाही, आधी ब्लोअरनं उडवायचा, नाहीतर तो रगडला जातो. पहिल्या फिल्टरवर माझ्या अक्कलेची गोल रेघ अजून आहे.

ट्रायपॉडबद्दल एवढंच, मधल्या हुकला पाच लिटरचा पाण्याचा कॅन अडकवा. पोरं पळतात. श्रावणात एक पोरगं माझ्या ट्रायपॉडच्या पायात अडकून पडलं, कॅमेरा हलला पण उभा राहिला, पोरगं रडायला लागलं, आणि मी आधी कॅमेऱ्याकडं बघितलं म्हणून त्याच्या आजीनं जे सुनावलं ते पण ३२-बिटमध्ये स्वच्छ आलंय.

गुरुवारी भेंड्याकडं काला आहे. जिलेटिनचा शेवटचा तुकडा मागच्या वेळी हॅलोजनवर वितळला, तो आणायचाय, आणि ट्रिपल-ए सेल.